आत्याची टपली

आत्याची गाडी फाटकातून आत येण्याआधीच घरात दोन पक्ष पडले होते. एकाचं म्हणणं, आत्याचं आगतस्वागत नीट झालं पाहिजे. दुसऱ्याचं म्हणणं, आज तिचं नाक जरा खाली आलं पाहिजे. दोन्ही पक्षांच्या पुढारी वहिनीच होत्या. त्यामुळे एकीकडे नणंदेला आवडतो म्हणून ओव्हनमध्ये केक चढायची तयारी होती आणि दुसरीकडे तिच्याचसाठी जिभेला धार लावणं चाललं होतं.

घरात सगळे त्यांना वहिनी म्हणत. नवरा तेवढा काहीच म्हणत नसे. ते दातांचे डॉक्टर. दिवसभर दुसऱ्यांना 'आ करा' म्हणून सांगायचं आणि घरी आल्यावर आपलं तोंड मिटून बसायचं, अशी त्यांनी संसाराची सोय लावून घेतली होती.

भांडण तसं घरातलं नव्हतं, पण बाहेरचं भांडण बाहेर ठेवायची या घरात पद्धत नव्हती. त्यांची मुलगी, म्हणजे धाकटी, ज्या कंपनीत होती ती कंपनी बॅटरीवर उडणारं आठ माणसांचं विमान बनवत होती. त्या विमानात वीज वाटून देणारा डबा कोणाचा बसवायचा, हे सोमवारी ठरायचं होतं. एक डबा आत्याचा. तीस वर्षं तो मोठमोठ्या विमानांत उडत होता, पुढे बसमध्ये आणि रुग्णवाहिकांमध्येही जाऊन बसला, आणि कुठे एकदाही पडला नव्हता. आत्या निवृत्त झाली, डबा काही झाला नाही. दुसरा डबा धाकटीचा. त्यानं अजून जमीन सोडली नव्हती.

काम दोन्ही डब्यांचं एकच. विमानात वीज दोन बाजूंनी येते. एक बाजू मेली की उरलेल्या बाजूला सगळा भार झेपत नाही, मग डोळ्याचं पातं लवायच्या आत डब्यानं ठरवायचं, कोणाला सोडायचं आणि कोणाला धरायचं. आधी जातं स्वयंपाकघर, मग करमणुकीचे पडदे, मग दिवे. सगळ्यांत शेवटी उरते ती वैमानिकाच्या यंत्रांची तार. आत्याच्या हाताखालची माणसं तिला 'जिवाची लाइन' म्हणत. काहीही होवो, जिवाच्या लाइनला डब्यानं हात लावायचा नाही, हा आत्याचा नियम. तो तिनं इतक्या पोरांच्या डोक्यात भरला होता की त्यांतली काही पोरं आता स्वतः साहेब होऊन तोच नियम दुसऱ्यांच्या डोक्यात भरत होती.

धाकटी नेमकी तिथंच नडली. तिचं म्हणणं, जिवाच्या लाइनवरसुद्धा आधी-नंतर असतं. वेळ आली तर तिथंही सोडावं लागतं. तिनं आपल्या डब्यात जिवाच्या लाइनवरच्या प्रत्येक सॉकेटला वेगळा खटका दिला होता. हे ऐकल्यापासून आत्या तिच्याशी फोनवर फक्त हवामानाबद्दल बोलत होती.

शेवटी धाकटीनंच विषय काढला होता. "आत्या, सोमवारी सगळ्यांसमोर मला पाडण्यापेक्षा शनिवारी घरी येऊन पाड. घरी पडला तर मी माझा डबा सोमवारी मांडणार नाही."

"मग काय करशील?"

"तुझ्याच डब्याच्या देखभालीवर जाईन. तसंही सगळे मला आत्याची भाची म्हणूनच ओळखतात."

आत्यानं यावर आधी हवामान कसं आहे ते विचारलं. मग म्हणाली, "येते. पण टपली मी माझ्या मर्जीनं मारणार."

टपली हा आत्याच्या प्रयोगशाळेतला जुना रिवाज. नवीन डबा तयार झाला की तो चालू ठेवायचा, आणि आत्यानं गप्पा मारता मारता, चहा पिता पिता, कोणालाही न सांगता वीज तोडणारा कुठला तरी एक दांडा ओढायचा. जिवाचं तेवढं चालू राहिलं, म्हणजे डबा टिकला, तर पास. कित्येक चांगल्या इंजिनिअरांना आत्या नुसती खुर्चीतून उठली तरी अजून घाम फुटतो.

तर शनिवारी दुपारी डॉक्टरांनी रस्त्यावरून येणारी वीज बंद केली. गॅरेजमध्ये एका बाजूला डावी बॅटरी, दुसऱ्या बाजूला उजवी, मध्ये धाकटीचा डबा आणि डब्यावर सारं घर. जिवाच्या लाइनवर चारच सॉकेट होती. एक आजीच्या, म्हणजे डॉक्टरांच्या आईच्या खोलीत, एक दिवाणखान्यात, एक बोळात, एक गॅरेजमध्ये. त्यांना धाकटीनं लाल पट्टी चिकटवली आणि सगळ्यांना उभं करून सांगितलं, "लाल सॉकेटमध्ये मी लावलंय तेवढंच राहील. दुसरं काहीही लावायचं नाही."

सगळ्यांनी शहाण्यासारख्या माना डोलावल्या. माना डोलावण्यात हे घर कधीच मागे नव्हतं.

वहिनींनी विचारलं, "आणि वीज गेली तर पहिलं काय बंद होणार?"

"स्वयंपाकघर."

"पहिलं?"

"आई, विमानातही तसंच असतं."

"विमानात चार पाव गरम करतात. मी इथं तीस वर्षं रांधतेय." वहिनी मुलीकडे बघत होत्या, पण बोलणं अजून न आलेल्या नणंदेला होतं. हे असलं काहीतरी त्या बाईच्याच डोक्यातून निघालेलं असणार. वहिनी लग्न होऊन आल्यावर पहिल्याच वर्षी आत्यानं या स्वयंपाकघरातली सगळी बटणं उलट्या बाजूला बसवून घेतली होती, जास्त सोयीची म्हणून. अजूनही वहिनींचा हात कधी कधी जुन्या जागी जातो.

केक मध्येच बंद पडला तर बसका होतो. बसका केक नणंदेपुढे ठेवायचा म्हणजे तिनं काही न बोलता फक्त चमच्यानं दाबून बघायचं. ते बघण्यापेक्षा मेलेलं बरं. धाकटी गॅरेजकडे वळल्यावर वहिनींनी माळ्यावरची लांब वायर काढली, फ्रिजच्या मागून बोळापर्यंत नेली आणि ओव्हन लाल सॉकेटला जोडून टाकला. वायरीवर पायपुसणं सरकवलं. आपल्याला कोणी पाहिलं नाही याची खात्री करून घेतली आणि मग जरा वेळ उगाचच बोळ झाडला.

त्यांना खरंच कोणी पाहिलं नव्हतं, कारण त्याच वेळी काका दिवाणखान्यात टीव्हीच्या मागे गुडघ्यांवर होते. काका म्हणजे डॉक्टरांचा आणि आत्याचा धाकटा भाऊ. विम्याचा व्यवसाय, लग्न नाही, त्यामुळे प्रत्येकाच्या संसारात वेळ भरपूर. संध्याकाळी अंतिम सामना होता. करमणुकीचे पडदे दुसऱ्या नंबरला जातात हे कळल्यावर त्यांनी पुतणीला फार समंजसपणे 'अगदी बरोबर' म्हटलं होतं. आता ते टीव्हीची वायर लाल सॉकेटमध्ये घालत होते, तर तिथं आधीच एक दुतोंडी प्लग होता आणि त्याच्या एका तोंडात कसली तरी बारीक काळी वायर. काकांनी ती हातानं चाचपत नेली. ती डॉक्टरांच्या माशांच्या पेटीपर्यंत गेली.

पेटीपाशी डॉक्टर उभे होते. दोघं भाऊ एकमेकांकडे बघत राहिले.

"पाण्याचा पंप आहे," डॉक्टर हळूच म्हणाले. "बंद पडला तर त्यांना श्वास लागत नाही रे. आणि पाणी गार पडतं."

"तू म्हणजे, दादा."

"तुझं काय?"

"मला सामना बघायचाय."

डॉक्टरांनी थोडा विचार केला. "माझे मासे खूप कमी वीज घेतात," ते म्हणाले. एवढं मोठं वाक्य ते घरात क्वचितच बोलत.

"माझा टीव्हीही काही फार घेत नाही. मी तुझं बोलत नाही, तू माझं बोलू नको."

असा त्या दोघांचा तह झाला.

आत्या आली ती नेहमीसारखीच, भरधाव. गाडी थेट गॅरेजमध्ये घातली, सवयीनं गाडीची चार्जिंगची वायर भिंतीत खुपसली आणि हात झटकत दिवाणखान्यात येऊन उभी राहिली. ठेंगणी, करड्या केसांची बाई. लहानपणी दिसेल ते बटण दाबायची म्हणून आजी आणि डॉक्टर तिला अजून 'बटण'च म्हणतात. बाहेर तिच्यापुढे भले भले उभे राहत, आणि इथं आल्या आल्या आजीनं खोलीतूनच हाक मारली, "बटण, आधी पाय धुऊन ये."

आणि बटण पाय धुऊन आली.

जेवताना कोणाचंच लक्ष जेवणात नव्हतं. आजीला तिखट चालत नसे, म्हणून ती लवकर जेवून खोलीत पत्ते मांडून बसली होती. ती एकटीच खेळते आणि स्वतःलाच फसवते. बाकी सगळे टेबलाशी. धाकटी मांडीवर लॅपटॉप घेऊन जेवत होती आणि मधूनच पडद्याकडे बघून तिच्या ओठांचा कोपरा हलायचा. घाबरलीय पोर, वहिनींना वाटलं, आणि त्यांनी तिला न विचारता आणखी भात वाढला.

आत्यानं पाण्याचा ग्लास उचलला की काका उठायचे. आत्यानं चमचा ठेवला की डॉक्टर दाराकडे बघायचे.

"मी हात धुऊन येऊ का?" आत्यानं विचारलं.

"मी येतो," काका म्हणाले.

"माझे हात धुवायला?"

"नाही, म्हणजे पाणी कधी कधी गरम येतं."

आत्या हात धुऊन परत आली. दारात काका, त्यांच्यामागे डॉक्टर, त्यांच्यामागे टॉवेल घेऊन वहिनी. एवढी वरात पाहून तिला मनातून बरंच वाटलं. आपली टपली अजून चालते. ती खुर्चीत बसली आणि भाचीकडे वळली.

"पडला तर सोमवारी तू मांडणार नाहीस. ठरलंय ना?"

"ठरलंय."

"आणि नाही पडला तर?" वहिनींनी मध्येच विचारलं. त्यांचा आवाज गोड होता, म्हणजे डॉक्टरांनी मान खाली घालायची वेळ झाली होती. "ताई, हरल्यावर तिनं सगळं सोडायचं. तुम्ही काय सोडणार?"

"मी काय सोडायचं?"

"तेच म्हणते मी. सिंहाचा वाटा नेहमी तुम्हालाच. पैज म्हटली की दोन्हीकडून काहीतरी हवं."

"वहिनी बरोबर बोलतायत," काका म्हणाले. खरं तर ते आयुष्यभर ताईच्या बाजूचे. पण टीव्हीची वायर मनाला लागून राहिली होती आणि वहिनी कधी ना कधी टीव्हीमागे झाडू घालणार होत्या.

"दादा?" आत्यानं भावाकडे पाहिलं.

डॉक्टरांनी बायकोकडे पाहिलं, बहिणीकडे पाहिलं, माशांच्या पेटीकडे पाहिलं. "योग्य वाटतं," ते म्हणाले.

आत्याचा चेहरा लाल झाला. तिला राग भाचीचा नव्हता. आपल्याच घरात आपल्याला पैज लावायला लागावी, याचा होता. आणि तिला मुळात शंकाच नव्हती. आपल्याला तीस वर्षांत सापडलं नाही ते या पोरीला सापडेल कसं?

"नाही पडला, तर मी माझा डबा मागे घेईन," ती म्हणाली. "सोमवारी एकच डबा मांडला जाईल. हिचा."

हे कोणालाच अपेक्षित नव्हतं. वहिनींनासुद्धा नाही. त्यांना वाटलं होतं, फार तर एखादी साडी निघेल.

जेवण उरकलं. बाहेर संध्याकाळ उतरली, दिवे लागले, काकांचा सामना रंगात आला. ओव्हनमधून केकचा वास यायला लागला. आत्या सामन्यातलं काही कळत नसताना दोन वेळा 'अरेरे' म्हणाली. मग पर्समध्ये हात घालून म्हणाली, "चष्मा गाडीतच राहिला वाटतं," आणि उठली.

चष्मा तिच्या नाकावर होता. काकांच्या लक्षात आलं तेव्हा ती बोळ ओलांडून गेली होती.

गॅरेजमधून खाड्‌कन आवाज झाला. डाव्या बॅटरीचा दांडा. मग भिंतीच्या पलीकडून टक, टक, टक अशी टिचक्या मारल्यासारख्या आवाजांची रांग आली. स्वयंपाकघर गेलं. दिवाणखान्यातला पंखा गेला. दिवे गेले. क्षणभर फक्त टीव्ही चालू होता आणि काकांच्या अंगावर त्याचा निळा उजेड असा पडला होता की पुराव्याची गरजच उरली नाही. पुन्हा टक, टक. टीव्ही गेला. माशांचे बुडबुडे थांबले. सगळीकडे अंधार.

आत्या मोबाइलच्या उजेडात परत आली. "पडला," ती म्हणाली. तिला आनंद होईल असं वाटलं होतं. झाला नाही. पोर रात्री रडणार, आणि उद्या आपल्यालाच तिची समजूत काढायला लागणार, एवढंच डोक्यात आलं.

धाकटी आकडेच वाचत होती. लॅपटॉपचा उजेड तिच्या हनुवटीवर होता.

वहिनींना ते बघवेना. पोटची पोर एका केकसाठी बुडाली. "ताई, हे मोजायचं नाही," त्या म्हणाल्या. "चूक माझी आहे. मी ओव्हन लाल सॉकेटला लावला होता."

"कुठल्या?"

"बोळातल्या. पायपुसण्याखालून."

"आणि टीव्ही मी," काकांनी अंधारात सांगितलं. अंधारात कबूल करायला त्यांना सोपं गेलं. "दादाचे मासेही."

"आपलं ठरलं होतं," डॉक्टर म्हणाले.

"म्हणजे सगळ्यांनीच?" आत्या खुर्चीत बसली. "तिनं एक गोष्ट सांगितली होती तुम्हाला. एक."

"म्हणून तर म्हणते, परत घ्या परीक्षा," वहिनी म्हणाल्या. "सगळ्या वायरी काढून घ्या. त्यात तिचा काय दोष?"

"विमानात कोणी म्हणणार आहे का, वायरी काढतो, परत पडून दाखव?" आत्याचा आवाज चढला. "विमानातही माणसंच असतात. हीच असली. लावू नका म्हटलं की लावणारी."

तेवढ्यात आजीच्या खोलीचं दार उघडलं आणि उजेडाचा एक पट्टा बोळातून थेट दिवाणखान्यात आला. आजी हातात पत्ते घेऊन उभी होती. तिच्यामागे टेबलावरचा दिवा जळत होता, तिचा रेडिओ हळू आवाजात चालू होता.

"अंधारात काय बसलात सगळे?" तिनं विचारलं. "कोणाची तब्येत बिघडली की काय?"

आत्या उठून उभी राहिली. ती आजीला बाजूला सारून खोलीत गेली, दिव्याकडे पाहिलं, वायर धरून भिंतीपर्यंत गेली, लाल पट्टीला बोट लावून पाहिलं. मग परत आली आणि लॅपटॉप भाचीच्या मांडीवरून उचलून घेतला.

"कधी गेली ही खोली?"

"गेलीच नाही," धाकटी म्हणाली. "तिचा नंबर सगळ्यांत शेवटचा."

"एक क्षणभरसुद्धा नाही?"

"दिवा लुकलुकला का गं, आजी?"

"माझा डाव लागत नव्हता, दिव्याकडे कोण बघतंय."

आत्या पडद्यावरचे आकडे वाचत होती. ओव्हन भरपूर घेत होता. टीव्ही किरकोळ. मासे तर हिशेबातच धरायची गरज नव्हती. तिनं मनात बेरीज केली, पुन्हा केली. उजवी बॅटरी एवढा भार सहज पेलते. ओव्हन, टीव्ही आणि मासे मिळूनही डब्याला जिवाच्या लाइनवर हात टाकायची वेळ यायला नको होती.

"अजून कोणीतरी आहे," ती म्हणाली. "ओव्हनपेक्षा मोठं. खरं सांगा, कोणी काय लावलंय?"

सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. काकांनी आईची शपथ घेतली, आई समोरच असल्यामुळे ती जरा जास्त गंभीर झाली.

"गॅरेजमधलं लाल सॉकेट आहे ते," धाकटी शांतपणे म्हणाली. "तिथं एक गाडी लावलीय."

हळूहळू सगळ्या माना आत्याकडे वळल्या. सगळ्यांत शेवटी वळली ती वहिनींची, आणि ती परत फिरवायची त्यांना मुळीच घाई नव्हती.

"पण त्यावर लाल पट्टी होती," आत्या म्हणाली.

"म्हणूनच लावायचं नव्हतं."

"आमच्या प्रयोगशाळेत लाल पट्टी म्हणजे..." आत्या अडखळली. हे वाक्य पुरं करणं तिला जड जात होतं. "तिथं लाल पट्टीचं सॉकेट म्हणजे साहेबांची गाडी लावायची जागा. तीस वर्षं मी तिथंच लावत आलेय. मला वाटलं, तुम्ही माझ्यासाठी चिकटवली."

वहिनी हसल्या नाहीत, पण न हसण्यासाठी त्यांना पदर तोंडाला लावावा लागला. काकांनी तेवढंही केलं नाही.

"तू मघापासून सारखी यात बघत होतीस," आत्या भाचीला म्हणाली. "लाल लाइनचा आकडा चढताना तुला दिसला असणार."

"दिसला."

"ओव्हनचा?"

"ओव्हनचा, टीव्हीचा, माशांचा. आणि सगळ्यांत मोठा तुझा."

"आणि गप्प बसलीस? माझी गाडी जोडलेली असताना मला दांडा ओढू दिलास? तो पडला असता तर तू गेली होतीस."

"टपली सांगून मारायची नसते, तूच शिकवलंस."

आत्या हसायला लागली. ती अशी हसली की आजीनं तिच्या पाठीवर हात ठेवला, आणि हसणं थांबल्यावर तिनं चष्मा काढून डोळे पुसले. ते पाणी सगळं हसण्याचं नव्हतं. आपला डबा असता तर आत्ता आजीची खोलीही गेली असती, हे तिला आकडे वाचतानाच कळलं होतं. जिवाच्या लाइनला हात लावायचा नाही म्हणून तो शेवटपर्यंत सगळ्यांना धरून राहिला असता, आणि सगळ्यांना घेऊन बुडाला असता.

"उभा राहिला," ती म्हणाली. "पास."

धाकटी गॅरेजमध्ये गेली, आत्याच्या गाडीची वायर उपटली आणि दांडा वर केला. घर उजळलं, आणि लगेच घरातली हवा फिरली. आत्या हरलेली कोणी पाहिलीच नव्हती. ती दिसायला अशी लहान दिसेल याची कोणालाच कल्पना नव्हती.

सुरुवात काकांनी केली. "तसं पाहिलं तर पैज गमतीतच लागली होती."

"मीच ओढून-ताणून लावायला लावली," वहिनी म्हणाल्या. त्या नणंदेच्या शेजारच्या खुर्चीत येऊन बसल्या होत्या, आणि असं बसायला त्यांना या घरात आल्यापासून आजवर जमलं नव्हतं. "ताई, माझं ऐका, तुम्ही काही मागे घेऊ नका." मग मुलीकडे वळून, "आणि तू जरा मन मोठं कर. तुझं वय काय, तुला पुढे पुष्कळ सोमवार आहेत."

"आई! आत्ता तू माझ्या बाजूनं होतीस."

"बाजू कसली आलीय त्यात. आत्या आहे ती तुझी."

"बाबा?"

डॉक्टर माशांची पेटी तपासत होते. "दोन्ही डबे चांगले आहेत," ते पाण्याला उद्देशून म्हणाले.

"मी नाही सोडणार," धाकटी म्हणाली. "संध्याकाळभर सगळे मला वाचवायला धावत होतात. जिंकल्यावर एकजणही माझा नाही?"

"गप्प बसा सगळे," आत्या म्हणाली. तिनं फोन काढला. "तिला एक शब्द बोलायचं काम नाही. पैज ती पैज."

तिनं कंपनीच्या साहेबाला तिथंच, सगळ्यांसमोर फोन लावला. तो कधीकाळी तिच्याच हाताखाली शिकलेला, त्यामुळे पहिल्या घंटेला त्यानं उचलला. "सोमवारी माझा डबा मांडू नका," आत्या म्हणाली. "हो, मागे घेतेय. प्रकृती उत्तम आहे. कारण? कारण पडला. अरे, घरीच पडला. कागदावर पाडला म्हण. नाही, भाचीनं नाही पाडला, गाडी मीच जोडली होती. ते तुला समजायचं नाही. भाचीचा डबा बघा, नीट बघा, आणि आत्याची भाची म्हणून एक प्रश्नही कमी विचारू नका."

फोन ठेवला. बराच वेळ त्याच्या काळ्या पडद्याकडे बघत ती बसली होती. तीस वर्षांचं काम एवढ्या छोट्या बोलण्यात संपतं, हे तिला खरंच ठाऊक नव्हतं, आणि ते दुखत होतं. तिनं ते लपवायचा प्रयत्न केला नाही.

धाकटी अजून उभीच होती. तिच्या तोंडावर जिंकल्याचं काही दिसत नव्हतं.

"आत्या, परत फोन कर."

"का?"

"सांग त्यांना, तूही येतेस. डबा मांडतेस."

"आत्ताच म्हणालीस ना, सोडणार नाही?"

"सोडत नाहीये. पण आता तिथं एकच डबा आहे. तुझा होता तोवर मला फक्त तुला हरवायचं होतं. दुसरं काही डोक्यातच नव्हतं." ती खुर्चीच्या पाठीला घट्ट धरून उभी होती. "आता तो खरंच विमानात बसला तर? आठ माणसं बसणार त्यात. मला भीती वाटतेय."

वहिनी उठायला लागल्या, तशी आत्यानं त्यांच्या मनगटावर हात ठेवून त्यांना खाली बसवलं.

"वाटू दे," ती म्हणाली. "डोक्यावरून विमान गेलं की मी हातातलं काम टाकून अंगणात यायचे. त्यात माझा डबा असेल म्हणून दिसेनासं होईपर्यंत मान वर करून बघत राहायचे. इतकी वर्षं, दर वेळी. आणि हे सगळे म्हणायचे, काय हौस आहे हिला विमानांची."